माझा न गेलेला आवाज

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आजी पूर्वी गायची, तिला ऐकायला गल्ली भरायची, मग एका डॉक्टरने तिच्या नाकाचं ऑपरेशन केलं आणि तिचा आवाज गेला. सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला ही गोष्ट ऐकवली गेली. शेजारणींना मी स्वतः ऐकवली. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, आम्ही एका खोलीतून सतराव्या मजल्यावर आलो, तर लिफ्टमध्ये भेटलेल्या नव्या बाईलाही तळमजल्यापासून सतराव्यापर्यंत मी ती पुरी सांगून दाखवली. तेवढा वेळ पुरतो, सवय पाहिजे.

या गोष्टीने मला चाळीस वर्षं मान दिला. मुलाच्या लग्नात कोणी म्हणालं, "बाई, एक तरी गाणं होऊ दे," की दुसरं कोणीतरी त्याला कोपर मारायचं, आणि मी पदर सारखा करून खिडकीबाहेर बघायचे. फार छान जमायचं मला ते.

मागच्या वर्षी माझी नात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून परळहून घरी आली आणि टेबलावर कागद ठेवून म्हणाली, "नाकाचा पडदा वाकडा आहे. ऑपरेशन सांगितलंय." सगळं घर माझ्याकडे वळलं.

"करायचं नाही," सून म्हणाली. "एकीचं झालं तेवढं पुरे आहे. हो की नाही, आई?"

मी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघितलं.

नात बोलण्यावर जगते. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. लोक ती कानात घालून भाजी चिरतात, चालायला जातात. परभाषेतल्या मालिकांमधल्या बायकांना मराठीत रडायला लावते. दादरला एका जुन्या इमारतीत स्टुडिओ आहे, तिथे काचेच्या पलीकडे बसून तिचं काम चालतं. पण तिची एक नाकपुडी लहानपणापासून बंद. तोंडाने श्वास घेते, म्हणून तासाभरात घसा कोरडा पडतो. शिवाय प्रत्येक वाक्याच्या आधी सुर्र करून हवा ओढल्याचा आवाज येतो, तो तिथल्या रेकॉर्डिस्टला नंतर एकेक करून पुसावा लागतो. तो तिला म्हणालेला, "मॅडम, तुमच्या एका तासाला मी तीन तास झाडू मारतो." हसत म्हणालेला, पण मग स्टुडिओच्या मालकांनी तेच न हसता सांगितलं. एक मोठी कादंबरी यायची होती, पंधरा-सोळा तासांची. हे असंच राहिलं तर ती दुसऱ्या मुलीला जाणार होती.

"मग कर ना ऑपरेशन," माझा मुलगा म्हणाला.

"आणि आवाज बदलला तर, पप्पा? माझा चेहरा कोणी बघत नाही. आवाज हाच माझा चेहरा आहे." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आजीला विचारा."

सोमवारी डॉक्टरांना फोन करून नको म्हणून कळवते, असं तिने ठरवलं. त्या दिवशी गुरुवार होता.

आता मी खरं काय झालं ते लिहिते. त्यातली सव्वीस वर्षांची बाई मीच होते, हे मला मान्य करावं लागतं. पण तिचं नि माझं फारसं पटत नाही.

आमची तेव्हा गायन पार्टी होती. मी गायचे, नवरा गिरणीतून सुटला की ढोलकीवर बसायचा, पेटीला आणि कोरसला चाळीतलीच माणसं. जयंतीचे दिवस आले, निळ्या पताका लागल्या, की महिनाभर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. मला तर तो घ्यायची सोयही नव्हती. नळावरच्या एका भांडणात कोणाची तरी कळशी माझ्या नाकावर बसली होती, तेव्हापासून डावी बाजू ठार बंद. त्यामुळे आवाज दाटलेला यायचा, गोधडीआडून आल्यासारखा. लोकांना वाटायचं ही बाईची खास ढब. मीही तसंच सांगायचे.

पण मुकाबल्यात पंचाईत व्हायची. एका स्टेजवर दोन पार्ट्या. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा. लांब ओळ आली की मी मध्येच श्वास तोडायचे. मग समोरच्या पार्टीतली बाई मुद्दाम तीच ओळ एका दमात म्हणायची आणि दोन्ही हात पसरून लोकांकडे बघायची. असे हात पसरायची, जसं काही घरचं सगळं सोनं दाखवतेय. त्या हातांपायी मी डॉक्टर गाठला.

गिरगावात एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांचा स्वतःचा छोटासा दवाखाना होता. त्यांनी नाकात उजेड टाकून बराच वेळ बघितलं. ती सव्वीस वर्षांची शहाणी त्यांना विचारते, "डॉक्टर, आतलं करताच आहात तर बाहेरूनही जरा टोकदार होईल का?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आतला पडदा मी सरळ करीन. बाहेरचं नाक आईवडिलांनी दिलंय, त्याची तक्रार तिकडे करा."

नवरा इतका हसला की बाहेरचे पेशंट डोकावले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही गाता, म्हणून नीट ऐका. गळ्याला मी हात लावणार नाही. पण गळ्यातून निघालेला आवाज नाकात जाऊन घुमतो. खोलीतलं कपाट हलवलं की खोलीत आवाज वेगळा घुमतो ना, तसं होईल. म आणि न म्हणताना आधी कळेल. सूज पूर्ण उतरायला दोन महिने धरा. तोवर कार्यक्रम करायचा नाही. आणि आवाज चांगला झाला की वाईट, हेसुद्धा तोवर ठरवायचं नाही."

दोन महिने. जयंतीचा मुकाबला पाच आठवड्यांवर आला होता. ती शहाणी मान डोलवून बाहेर आली आणि जिन्यातच नवऱ्याला म्हणाली, "डॉक्टर लोक सांगताना वाढवूनच सांगतात. आपण निम्मं धरायचं."

ऑपरेशन झालं. दोन दिवस नाकात पट्ट्यांचा बोळा होता. "मला नको" म्हणायला गेले की "बला दको" ऐकू यायचं. नवरा मुद्दाम काहीबाही विचारायचा. "अगं, तुझं माहेर कुठलं?" "बाहेर" असं उत्तर आलं की मांडीवर हात मारून घ्यायचा. बोळा काढला तेव्हा डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि दोन्ही नाकपुड्यांतून हवा आत गेली. थंड हवा. इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं की हवा थंड असते.

ते सगळं चांगलं झालं, हे मी कोणाला कधी सांगितलं नाही. आमच्या गोष्टीत ती जागाच नव्हती.

पाचव्या आठवड्यात हिंदमात्याच्या बाजारातून पांढरी साडी आणली, निळ्या काठाची, आणि जाऊन स्टेजवर बसले.

आमचा माईकवाला काळाचौकीचा. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला वहिनी. नवऱ्याचा जिगरी दोस्त. त्याच्या मशीनवर आवाज जाड-बारीक करायची बटणं होती, आणि परळ-लालबागमधल्या प्रत्येक गाणाऱ्याचा त्याने बटणांवर मार्क करून ठेवला होता. कोणासाठी बटण कुठवर फिरवायचं ते कळावं म्हणून नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. माझा ठिपका गुलाबी, नेलपॉलिशही माझंच. दाटलेला आवाज लोकांपर्यंत स्पष्ट जावा म्हणून माझं बारीक आवाजाचं बटण तो जवळजवळ शेवटापर्यंत फिरवायचा. त्यामुळे आमच्या कार्यक्रमाला माईक तपासत बसावं लागायचं नाही. मी बसायचे, तो ठिपक्याला ठिपका जुळवायचा, झालं.

त्या संध्याकाळीही त्याने ठिपका जुळवला.

मी पहिली ओळ उचलली आणि भोंग्यातून असा आवाज आला की पत्र्यावर कोणी खिळा ओढतंय. बारीक, कर्कश. मला वाटलं कोरसमधलं कोणी किंचाळलं. दुसरी ओळ घेतली, तर माईकच शिट्टी मारायला लागला. पुढे बसलेल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. नवऱ्याने ढोलकीचा ठेका दाबला, मला सावरायला वेळ द्यावा म्हणून. त्यात माझ्या डोक्याच्या आतही आवाज परका वाटत होता, जिथे तो रोज आपटायचा तिथे आता भिंतच नव्हती. मी घाबरून गळा आवळला. गळा आवळला तसा तो आणखी वर गेला.

समोरची बाई थांबली होती. ढोलकी थांबली त्या फटीत ती माईकमध्ये म्हणाली, "नाक सरळ करायला गेल्या, गळा वाकडा करून आल्या!"

सगळी गल्ली हसली. माझी माणसंही हसली. मी आजही तिला दोष देत नाही, मुकाबल्यात असंच बोलतात, तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. पण ती सव्वीस वर्षांची शहाणी उठली, साडीचा निळा काठ सावरत स्टेजवरून उतरली आणि घरी जाऊन कडी लावून बसली.

दुसऱ्या दिवशी माईकवाला आला. मी आत होते. नवऱ्याला म्हटलं, झोपलेय म्हणून सांगा. दारातलं बोलणं मला शब्द न् शब्द ऐकू आलं.

"वहिनींना सांग, त्यांचा आवाज ठीक आहे. चूक माझी. आवाज मोकळा झालाय हे मला पहिल्या ओळीत कळायला पाहिजे होतं. मी कानाने बटण फिरवायचं सोडून ठिपका बघून फिरवलं. एकदा नुसतं येऊन बसू देत माझ्या दुकानात, मी नवीन मार्क करतो."

नवरा आत आला. मी म्हटलं, "तुमचा दोस्त आहे तो. मन राखायला सांगतोय."

"अगं, पण एकदा जाऊन तर बघू."

"माझा आवाज मला कळत नाही का?"

हेच ते. मला वाटायचं, स्वतःचा आवाज स्वतःला नाही कळणार तर कोणाला? खरं तर सगळ्यात कमी आपल्यालाच कळतो, कारण आपण तो आतून ऐकतो आणि जग बाहेरून. हे मला नंतर नातीने सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं कोणी, तरी मी ऐकलं नसतंच.

आठवड्याभराने मी गिरगावात जाऊन पेशंटांनी भरलेल्या खोलीत डॉक्टरांना वाट्टेल ते बोलले. माझं नाक केलंत आणि पोट मारलंत, म्हणाले. ते उभे राहिले. हातात कोणाची तरी चिठ्ठी तशीच होती. "दोन महिने अजून झाले नाहीत. झाले की या, शांतपणे गाऊन दाखवा. काही राहिलं असेल तर मी आहे." त्यांच्या समोरची एक म्हातारी बाई तिचं पाकीट उचलून माझ्यामागून निघून गेली. तिने ऑपरेशन केलं की नाही, मला माहीत नाही. अजून कधी कधी मला ती दिसते.

मी परत गेले नाही. गाणं सोडलं. पालिकेच्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागले, पोरांची नाकं पुसली. नवऱ्याने वर्षभर ढोलकीच्या दोऱ्या ओढून ठेवल्या, कधी लागेल तर असू दे म्हणून. मग सैल केल्या. मग कोणा नव्या पार्टीला देऊन टाकली. मला विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

आठ वर्षांनी माईकवाल्याने दुकान मोडलं आणि ज्याची त्याची जुनी रेकॉर्डिंग वाटायला निघाला. दुपारची वेळ होती, मी एकटीच होते. त्याने एक कॅसेट हातावर ठेवली. "त्या दिवसाची आहे, वहिनी. टेपची वायर मी बटणांच्या आधीच काढून घ्यायचो. गळ्यातून आला तसाच आवाज आहे यात." चहाला थांबला नाही.

मी दार लावून ऐकली. पुरं गाणंही नव्हतं. पहिल्या ओळीत एक घाबरलेली पोर होती, पण आवाज होता. पूर्वीसारखा नव्हता, खोटं का सांगू. गोधडी गेली होती. म वाजत होता, न वाजत होता, शब्द धुऊन काढल्यासारखे. आणि दुसऱ्या ओळीत, ती लांब ओळ, जी माझी कधी पुरी व्हायची नाही, ती मी एका दमात घेतली होती. घेतली होती आणि मला कळलंसुद्धा नव्हतं.

सहा वाजता नवरा आला. मी चहा दिला. कॅसेट तांदळाच्या डब्यात होती.

का नाही सांगितलं? तोवर ती गोष्ट माझ्याहून मोठी झाली होती. डॉक्टरने आवाज नेला म्हणताना मी कोणीतरी असायचे. एका बटणापायी मी स्वतःच आठ वर्षं गप्प बसले, त्याचीही ढोलकी बंद केली, हे म्हणताना मी कोण? आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. अकरा वर्षांपूर्वी तो गेला. जाताना त्याला एवढंच माहीत होतं की आपल्या बायकोवर अन्याय झाला. चाळ सोडताना कॅसेट मी कचऱ्यात टाकली.

आता नातीकडे येते. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी गप्पच. म्हाताऱ्या माणसाला गप्प बसायची केवढी सोय असते, लोकांना वाटतं विचार करतेय. शनिवारी सकाळी मी तव्यावर झाकण ठेवून सुके बोंबील भाजत होते. वासाने मजल्यावरच्या बाकी सगळ्या घरांनी दारं लावून घेतली होती. नात स्वयंपाकघरात आली, अगदी शेगडीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, काय करतेयस? पोळी?"

मी गॅस बंद केला.

"बस खाली," म्हटलं. "मला काही सांगायचंय, आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी परत खिडकीबाहेर बघीन."

सगळं सांगितलं. ठिपक्यासकट, तांदळाच्या डब्यासकट. ती पहिल्यांदा हसली, निम्मं धरायचं तिथे. मग हसायची थांबली.

"म्हणजे आवाज गेलाच नव्हता?"

"नाही."

"आणि मी लहानपणापासून... आजी, शाळेत निबंध लिहिला होता मी तुझ्यावर!"

"माहीत आहे. मी शुद्धलेखन तपासून दिलं होतं."

तिला हसू आलं नाही. "आजोबांना पण नाही सांगितलंस?"

"नाही."

"शेवटी पण नाही?"

मी मान हलवली. ती उठली. दारात थांबून म्हणाली, "सोमवारी मी नाही म्हणून सांगणार होते गं. तुझ्यामुळे." आणि गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. घरात सगळ्यांना सांगायचं काम मलाच करावं लागलं. सून ऐकून इतकंच म्हणाली, "आई, तुम्ही पण ना," आणि कुकर लावायला गेली. त्या बाईने माझी गोष्ट तिच्या माहेरी किती जणांना सांगितली असेल.

सोमवारी नातीने डॉक्टरांना फोन केला तो वेळ मागायला. मला सोबत घेऊन गेली. प्रेमाने नव्हे, साक्षीदार म्हणून नेतात तसं. डॉक्टर तरुण बाई होत्या. नातीने विचारलं, "आवाज बदलणार नाही याची गॅरंटी देता?"

"नाही देत," त्या म्हणाल्या. "बहुतेकांचा इतका थोडा बदलतो की दुसऱ्यांना कळत नाही. पण तुम्ही आवाजावर काम करता, तुम्हाला कळू शकतो. बेशुद्ध करताना घशात नळी घालतात, त्याने काही दिवस घसा बसेल, तो वेगळा. नाकाला सूज असेल, खपल्या असतील, सर्दीसारखं बोलाल. ऑपरेशनच्या आधी एक उतारा रेकॉर्ड करा. त्याच माईकवर, तितक्याच अंतरावरून. दोन महिन्यांनी तोच परत करा. मधल्या काळात रोज ऐकत बसू नका."

"दोन म्हणजे दोनच ना? एक नाही ना?" नात माझ्याकडे बघत म्हणाली.

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं.

लहान मुलांच्या गोष्टींची एक मालिका तिच्या हातात अर्धी होती. आवाज मध्येच बदलून चालणार नव्हता, म्हणून तीन आठवडे रोज दादरला जाऊन ती आधी पुरी केली, घसा सुकवून सुकवून. मग ऑपरेशन झालं. ती घरी आली तेव्हा काळजीने सुनेचा चेहरा उतरलेला, आणि मी सुनेच्या मागे. बोलायला गेली ती घोगरी फुसफुस. घसा चार दिवसांत सुटला. नाकातून मात्र तीन आठवडे सर्दी झाल्यासारखी बोलत होती. एके दुपारी मी तिला आरशासमोर बघितलं, हनुवटी वर करून "मामा, नाना, मामा, नाना" म्हणत होती, पुन्हा पुन्हा, आणि डोळे भरलेले.

चाळीस वर्षांपूर्वी माझ्या दारात कोणी उभं राहिलं असतं तर मला काय ऐकायला हवं होतं, ते मला माहीत होतं. छान आहे गं, अगदी पहिल्यासारखा आहे. माझ्या ओठांवर आलंही होतं. मी म्हटलं, "डॉक्टरांनी ऐकत बसू नको सांगितलंय. चल, भाजी निवड."

"तुला भीती नाही वाटत, आजी? तुझ्या सांगण्यावरून केलं मी."

"वाटते," म्हटलं. "रोज वाटते."

मग ती माझ्याजवळ बसली आणि आम्ही दोघींनी मेथी निवडली.

दोन महिने पुरे झाले त्या दिवशी ती मला स्टुडिओत घेऊन गेली. रेकॉर्डिस्टने तोच उतारा तिच्याकडून परत वाचून घेतला. मग तिने त्याला सांगितलं, जुना कुठला नवा कुठला ते न सांगता दोन्ही लाव. त्याने लावले. स्वतःच ऐकून म्हणाला, "मॅडम, मला तर सेम वाटतात. फक्त एकात झाडू मारावा लागला नाही."

नात म्हणाली, "दुसरा नवा आहे." चूक नव्हती. मग माझ्याकडे वळली. "बदललाय ना?"

मी दोन्ही परत ऐकले. जुन्या आवाजात एक किंचित जाडपणा होता, गोष्ट सांगणारं माणूस अगदी जवळ बसल्यासारखा. तो गेला होता. तो मला आवडायचा.

"बदललाय," म्हटलं. "थोडा. जुन्यात काहीतरी होतं ते गेलंय. नव्यात तुझा प्रत्येक शब्द नीट येतो."

रेकॉर्डिस्ट माझ्याकडे बघत राहिला. असं कोणी सांगतं का, असा त्याचा चेहरा. नात खाली बघत होती. म्हणाली, "मला पण तसंच वाटलं. घरात सगळे सेम आहे, सेम आहे म्हणतात, मला वाटलं मलाच वेड लागलंय."

मोठी कादंबरी अजून कोणाला दिलेली नव्हती. मालकांनी तिला पहिली दहा पानं वाचून दाखवायला सांगितली होती, त्यावर ठरणार होतं. ती आत गेली, काचेचं जाड दार लागलं. रेकॉर्डिस्टने मला एक हेडफोन दिला आणि बोट ओठांवर ठेवलं. मग त्याने माईकची बटणं पूर्वी होती तिथून जरा मागे घेतली, तिला दोन वाक्यं बोलायला लावली, ऐकून आणखी थोडी हलवली. मी त्याच्या हाताकडे बघत होते. त्याला वाटलं मला मशीनचं कुतूहल आहे.

तिने सुरुवात केली. पहिलं वाक्यच लांबलचक होतं, अर्धं पान जाणारं, स्वल्पविरामांनी भरलेलं. श्वास आत गेल्याचा आवाज आला नाही. मला वाटलं घेतलाच नाही, विसरली. मीही माझा धरून बसले. ती शांतपणे एकेक स्वल्पविराम ओलांडत पुढे चालली होती, घाई नाही, तुटणं नाही, आणि वाक्य अजून संपायचं होतं तेव्हा माझा दम संपला. मला आधी सोडावा लागला.